अंटार्क्टिकाच्या नावाखाली साडेनऊ लाखांना गंडा

अर्जेंटिनातल्या उशुआयाहून छोट्या जहाजाने अंटार्क्टिकाला जायचं म्हणून आम्ही नवरा-बायकोने एका एजंटाकडे साडेनऊ लाख रुपये भरले. जहाज खरं होतं, तारखाही खऱ्या होत्या, बुकिंग मात्र झालंच नव्हतं. जहाजाच्या कंपनीला मेल केला तेव्हा उत्तर आलं: या नावांचे प्रवासी आमच्या यादीत नाहीत आणि हा एजंट आमचा नाही.

बायकोने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेकची सामुद्रधुनी एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच तिची इच्छा. अशा इच्छेवर कुणी डल्ला मारतं याचा संताप पैशांपेक्षा मोठा आहे.

खरी कंपनी प्रवाशाला आधी भंडावून सोडते, हे तिकडे जाऊन आलेल्यांकडून नंतर कळलं. आरोग्याचा फॉर्म, आणीबाणीत तिथून बाहेर काढण्याचा खर्च भागवणारा विमा, अगदी बुटाचं मापसुद्धा विचारतात, कारण रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरायला लागणारे गमबूट बऱ्याच जहाजांवर तेच देतात. आमच्या एजंटाने यातलं काहीच विचारलं नाही. 'आज रात्री ऑफर संपतेय' म्हणून पैशांचा तगादा मात्र रोज.

'जहाजावरचे दोनशेच्या दोनशे लोक एकदम उतरतात, दिवसभर पेंग्विनांमध्ये फिरा,' असंही तो सांगायचा. साफ खोटं. तिथे एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरवतात, आणि ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून तर कुणालाच उतरवत नाहीत. या सहली नेणाऱ्या कंपन्यांची 'आयाटो' (IAATO) नावाची संघटना १९९१ पासून आहे आणि तिच्या सदस्यांची यादी कुणालाही बघता येते. पैसे भरण्याआधी त्या यादीतल्या कंपनीलाच थेट मेल करा, एजंटाने दिलेल्या पत्त्यावर नको.

पावतीवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने ग्राहकाकडून गोळा करून सरकारकडे भरायचा कर, वेगळा दाखवला होता. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तो घ्यावाच लागतो, म्हणून पावती अस्सल वाटते. पण भरलेला टीसीएस प्राप्तिकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनखाली दिसायला हवा. आमच्या नावावर एक रुपयाही जमा नव्हता.

पैसे नुकतेच पाठवले असतील आणि शंका आली असेल, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी ती गोठवता येऊ शकते. आमच्या प्रकरणात मध्ये कित्येक महिने गेले होते, म्हणून पोलिसांत रीतसर तक्रार दिली आहे. अशाच 'छोट्या जहाजा'साठी तुम्हीही पैसे भरले असतील, तर गप्प बसू नका, तुमच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा.