रात्री एकट्यानं भीतीवालं रॅप ऐकायचंय, मग क्लिपिंग लावू का ग्रेव्हडिगाझ?

परवा रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज. दादा घरी कुणी नाही, आई-पप्पा लग्नाला पंढरपूरला गेलेत, तू म्हणत होतास ते भुताटकीचं रॅप आज एकट्यानं ऐकावं म्हणतोय, कुठलं लावू. मी उत्तर टाइप करत बसलो आणि ते एवढं लांबत गेलं की पठ्ठ्या तोवर झोपून गेला. म्हणून आता नीटच लिहून टाकतो, त्यालाही होईल आणि अजून कुणाला असली हौस असली तर त्यालाही.

या प्रकाराला हॉररकोर म्हणतात, म्हणजे हॉरर पिक्चरमधलं सगळं सामान, मढी, खून, डोकं फिरलेली माणसं, हे रॅपमधे आणायचं. अल्बम ढिगानं आहेत पण पहिल्यांदा ऐकणाऱ्यापुढं मी दोनच ठेवतो. एक ग्रेव्हडिगाझ नावाच्या ग्रुपचा 'सिक्स फीट डीप', १९९४ चा, न्यूयॉर्कच्या पोरांचा. दुसरा क्लिपिंग या ग्रुपचा 'देअर एक्झिस्टेड ॲन ॲडिक्शन टू ब्लड', २०१९ चा, लॉस एंजेलिसचा. मेम्फिसचा पण एक आहे, त्याचं खाली बघू, तो पहिल्या रात्रीचा नव्हे.

दोन्हीतला फरक सोलापूरकराला एका वाक्यात सांगायचा तर ग्रेव्हडिगाझ म्हणजे गड्ड्यातला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतला, भूतबंगला, आणि क्लिपिंग म्हणजे गड्डा बघून झाल्यावर होम मैदानावरनं अंधारातनं एकट्यानं घरी चालत येणं.

भूतबंगल्यात काय असतं, तिकीट काढायचं, आत वरनं सापळा पडतो, कोपऱ्यात मुखवटा घातलेलं पोरगं ओरडत अंगावर येतं आणि खाली त्याची निळी स्लीपर दिसते, आपण किंचाळतो आणि लगेच हसतो. ग्रेव्हडिगाझचं डिट्टो तसंच. चौघंजण होते, वू-टँग क्लॅन या गाजलेल्या रॅप ग्रुपमधला रिझा, प्रिन्स पॉल, फ्रूक्वान आणि पोएटिक, आणि चौघांनी नावं कसली घेतलीत बघा, रिझा झाला रिझरेक्टर म्हणजे मढी उठवणारा, प्रिन्स पॉल अंडरटेकर म्हणजे मढी पुरणारा, पोएटिक ग्रिम रीपर म्हणजे यमदूत आणि फ्रूक्वान गेटकीपर. नाव ऐकूनच कळतं की हे सोंग काढलंय. चौघांचंही आधी एकाच रेकॉर्ड कंपनीशी फिसकटलेलं, त्या रागातनं हे एकत्र आले, आणि ग्रेव्हडिगाझ म्हणजे थडगी खणणारे, तर त्यांचं म्हणणं पण असं की आम्ही खड्डे खणतो ते डोक्यानं मेलेल्यांना वर काढायला. म्हणजे भुताच्या कपड्यात प्रवचनच की. त्यात हा प्रिन्स पॉल म्हणजे डी ला सोल या ग्रुपचा १९८९ चा तो हसराखेळता रंगीबेरंगी अल्बम करणारा माणूस, मस्करी त्याच्या हाडातच. 'डायरी ऑफ अ मॅडमॅन' नावाचं गाणं घ्या, अख्खं कोर्टात चाललंय, आरोपी जज्जपुढं सांगतोय की माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. भारीच आहे. पण ते ऐकताना आपण कोर्टात मागच्या बाकावर बसलेलो असतो, आरोपीच्या पिंजऱ्यात नसतो.

त्यात भाषेची अडचण. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा कॉलेजला होतो आणि इंग्रजी बरं होतं असं माझं मत होतं. रॅप करणारे एकामागनं एक, न्यूयॉर्कची बोली, वर शब्दांचे खेळ, मला कोर्टाचा सीन कळला आणि मधेमधे रक्त, थडगं असले शब्द, बाकी सगळं डोक्यावरनं. मग मोबाइलवर लिरिक्स उघडून ऐकायला लागलो तर खोलीत उजेड झाला, आणि उजेडात वाचत बसलं की ती भीती नाही राहत, तो अभ्यास होतो. म्हणून म्हणतो की ग्रेव्हडिगाझ दोघातिघांत ऐका, एकजण लिरिक्स बघेल, बाकीचे हसतील, भडंग-चहा होईल. एकट्यानं ऐकला तर आवडेल, घाबरणार मात्र नाही.

आता क्लिपिंग. यात रॅप करतो तो डाविड डिग्ज, हॅमिल्टन नाटकासाठी २०१६ साली टोनी, म्हणजे अमेरिकेतला नाटकांचा मोठा पुरस्कार, मिळाला तोच, आणि आवाजांचं काम विल्यम हटसन आणि जोनाथन स्नाइप्स बघतात. यांचा एक नियम आहे की गाण्यात 'मी' हा शब्द टाळायचा. ऐकायला साधं वाटतं, पण विचार करा, बाकी सगळं रॅप मी असा मी तसा यावर उभंय, ग्रेव्हडिगाझमधे पण मी मारतो मी गाडतो चाललेलं असतं, आणि इथं सांगणारा कोण तेच नाही. आवाज सपाट आणि फास्ट, बातम्या दिल्यासारखा, त्याला काही फरकच पडत नाही. 'नथिंग इज सेफ' मधे एका घरात माणसं अडकलीत, बाहेरनं हल्ला होतोय, आणि मागं पियानोचा एकच सूर लांब लांब अंतरानं पडत राहतो. यात शब्द निम्मे सुटले तरी काही बिघडत नाही, तो सूर कळायला डिक्शनरी लागत नाही.

आणि इथं मला सोलापूरचं एक सांगायचंय कारण मला वाटतं आपल्याकडच्या माणसाला हा अल्बम जगापेक्षा वेगळा लागतो. क्लिपिंगबद्दल कुणालाही विचारा, पहिलं वाक्य येतं की फार गोंगाट आहे बाबा, सहन होत नाही. आमचं जुनं घर अशोक चौकाच्या पुढं, पूर्व भागात, खाली मालकाचे आठ माग, चादरीचे. मी जन्मल्यापासनं त्या खटाक-खटाक मधे झोपलोय, दिवसपाळी रातपाळी काही फरक नाही, पाहुणे आले की म्हणायचे कसं झोपता रे तुम्ही. त्यामुळं 'ला माला ऑर्डिना' च्या शेवटी सगळं गाणं गिळून नुसता खरखराट अंगावर कोसळतो, लोक तिथं हेडफोन काढून फेकतात, तिथं मला चक्क डुलकी लागली. खोटं नाही सांगत. गोंगाट आपल्याला अंगाईच आहे.

घाबरायचो आम्ही ते माग बंद पडल्यावर. रात्री दोन-अडीचला एकदम शांत झालं की अख्खं घर जागं व्हायचं, आज्जी उठून बसायची आणि खालचा कानोसा घ्यायची, धागा तुटला, धोटा अडकला, लाईट गेली, का कुणाचा हात आला. पुन्हा खटाक सुरू झालं की आडवी. तर क्लिपिंगची सगळी कलाकारी त्या बंद पडण्यात आहे. आवाज चालू, चालू, चालू, आणि मग काढून घेतात. खोलीत आपण उरतो.

त्याचं टोक म्हणजे शेवटचं गाणं, 'पियानो बर्निंग'. साधारण अठरा मिनिटं. यात रॅप नाही, बीट नाही, एक शब्द नाही. ॲनिया लॉकवुड म्हणून न्यूझीलंडच्या संगीतकार आहेत, त्यांची १९६८ ची कल्पना, की वाजवण्याच्या कामाचा न राहिलेला पियानो पेटवायचा आणि तो जळताना ऐकायचा. यांनी तेच केलंय. कडकड तडतड, होळी विझायला आल्यावर ऐकू येतं तसं, आणि मधेच एखादी तार टणकन तुटते. बरेच जण म्हणतात हे काय गाणं आहे, स्किप करा. दिवसा ऐकलं तर मी पण तेच म्हणीन. पण रात्री एकट्यानं अख्खा अल्बम ऐकून तिथं पोचलात की कळतं की एवढा वेळ तो डिग्ज भीतीदायक का असेना बोलत तरी होता, सोबत होती कुणाची तरी, आणि आता तो पण गेला. मला अल्बममधल्या एकाही खुनाची भीती वाटली नाही, या अठरा मिनिटांची वाटली. आठव्या-नवव्या मिनिटाला उठून मी किचनमधला लाईट लावून आलो आणि पाणी प्यायच्या निमित्तानं तिथंच उभा राहिलो.

हेडफोन का स्पीकर, हे विचारणार तुम्ही. ग्रेव्हडिगाझला स्पीकर, बास चांगला असला की मजा येते, शेजारच्या काकांनी दार वाजवेपर्यंत. क्लिपिंगला हेडफोन आणि तो पण पाठ भिंतीला लावून, कारण हेडफोनमधे घर ऐकू येत नाही आणि दर पाच मिनिटाला एक कान मोकळा करून बघावंसं वाटतं की दाराचा आवाज आला का. 'रन फॉर युवर लाइफ' मधे तर बीट रस्त्यावरनं जाणाऱ्या गाड्यांतनं येतो, लांबनं जवळ, जवळनं लांब, आपल्याकडं मिरवणुकीचा डीजे दोन गल्ल्या पलीकडनं सरकत जातो ना तसा, फक्त इथं रस्त्यावर आपण एकटे. माझी सगळ्यात मोठी फजिती हेडफोनचीच. रात्री दोनला ऐकत बसलेलो, आणि मागनं आईनं खांद्यावर हात ठेवला, का बे ऐकू येईना का, पाणी आलंय, मोटार लाव. असा ओरडलो की समोरच्या बिल्डिंगमधे लाईट लागली. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि वेळ त्याच्या मर्जीची, तेव्हा असला अल्बम लावायच्या आधी पाण्याचा दिवस बघून घ्या, हे मी सीरियसली सांगतोय.

सीझन पण बघा. एप्रिल-मेमधे कूलरशिवाय बसता येत नाही आणि कूलरच्या घरघरीत क्लिपिंगच्या सगळ्या शांत जागा भरून जातात, अल्बम वायाच. गच्चीवर जाऊन ऐकलं तर आजूबाजूच्या गच्च्यांवर लोक चादरी टाकून घोरत असतात, त्यात भूत काय येणार. डिसेंबर-जानेवारी बेस्ट, कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. ग्रेव्हडिगाझला उन्हाळा पावसाळा काही अडत नाही. फुकटातल्या ॲपवर ऐकत असाल तर अजून एक लोच्या, मधे जाहिराती येतात. ग्रेव्हडिगाझमधे पर्सनल लोनची जाहिरात आली तर त्यांचंच स्किट वाटतं. क्लिपिंगमधे पियानोचा तो सूर थांबलाय, तुम्ही श्वास धरलाय आणि बाई मसाल्याचं गाणं म्हणायला लागली की संपलं. आधी डाउनलोड करून ठेवा.

आता मेम्फिसवाला. थ्री सिक्स माफियाचा 'मिस्टिक स्टाइल्झ', १९९५ चा. पुढं २००६ ला यांना चक्क ऑस्कर मिळालं, पण हा अल्बम ऐकून ते पटणार नाही. आवाज असा धुरकट आहे की दहावेळा कॉपी झालेली कॅसेट वाटावी, आणि भीती त्या धुरात आहे, पोरं एकच ओळ मंत्रासारखी घोळत राहतात. मला स्वतःला फार आवडतो. पण बायकांबद्दल त्यात जे काय बोललंय ते आज ऐकवत नाही, आणि सगळा अल्बम एकाच रंगाचा असल्यामुळं नवख्याला कंटाळा येईल. दोन्ही पचल्यावर बघा.

एक गोष्ट मस्करी बाजूला ठेवून. 'सिक्स फीट डीप' वर आत्महत्येवर एक गाणं आहे, फोन नंबरसारखं नाव असलेलं, काळा विनोद आहे. मन ठीक असेल तर विनोद कळतो. सध्या झोप लागत नसेल, डोक्यात नको ते चाललं असेल, तर ते गाणं सोडा, खरं तर त्या दिवसांत यातलं काहीच एकट्यानं नको, मित्राला फोन करा, पार्क चौकात जाऊन चहा प्या.

आणि ठरतच नसेल तर आधी एकच गाणं ऐकून बघा, ह्यूस्टनच्या गेटो बॉइजचं १९९१ चं 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी'. यात भूत नाहीच, एक माणूस रात्री जागा आहे आणि त्याला वाटतंय कुणीतरी मागावर आहे, बस एवढंच. क्लिपिंगचा पुढचा अल्बम २०२० ला आला, त्याचं नाव, 'व्हिजन्स ऑफ बॉडीज बीइंग बर्न्ड', यातल्याच ओळीतनं घेतलंय. ऐकून 'वा काय बीट आहे' म्हणालात तर ग्रेव्हडिगाझ लावा. ऐकून दाराची कडी बघून आलात तर तुम्ही क्लिपिंगचे गिऱ्हाईक.

मावसभावाला मी क्लिपिंगच सांगितलंय, शेवटचं गाणं स्किप करायचं नाही या अटीवर. त्याचा सकाळी रिप्लाय आला, दादा आज रात्री तू पण ये ना इकडं. येतो म्हणालो असतो, पण आज आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे.