ऑक्सफर्डला पहिला पाइंट कुठे घ्यावा: टर्फ टॅव्हर्न की किंग्ज आर्म्स?

सप्टेंबर लागला की मला ठरावीक फोन सुरू होतात. कुणाचा भाचा एमएस्सीला येत असतो, कुणाची मुलगी डीफिलला, म्हणजे इथल्या पीएचडीला. खोली, बँक, थंडीचे कपडे हे सगळं विचारून झालं की मुलं जरा चाचरत म्हणतात, "दादा, इथले ते जुने पब असतात ना, त्यातला नेमका कुठला बघू?" पदवीदानाला आईवडील येतात तेव्हा हाच प्रश्न पुन्हा येतो, फक्त काळजी वेगळी असते: आईला तिथे अवघडल्यासारखं तर होणार नाही ना?

गेल्या चौदा वर्षांत मी बऱ्याच जणांना या दोन्ही ठिकाणी घेऊन गेलोय आणि प्रत्येकाचं मत लक्ष देऊन ऐकलंय. माझं उत्तर आता पक्कं आहे. एल, म्हणजे इथली पारंपरिक बिअर, चाखायला येत असाल तर टर्फ टॅव्हर्न. सोबत माणसं असतील आणि दोन तास बोलत बसायचं असेल तर किंग्ज आर्म्स. दोन्ही पब एकमेकांपासून चालत तीन-चार मिनिटांवर आहेत, पण दोघांचा स्वभाव फार वेगळा आहे.

आधी एलबद्दल, कारण निम्मी नाराजी तिथेच होते

आपल्याकडून आलेल्या दहा जणांपैकी आठ जण पहिल्या घोटाला एकच बोलतात: "ही बिअर गरम आहे आणि गॅस गेलाय." खरं तर ती गरमही नसते आणि तिचा गॅसही गेलेला नसतो. पारंपरिक कास्क एल, म्हणजे पिंपातली एल, तळघरात साधारण 11 ते 13 अंश सेल्सिअसला ठेवतात. वरून कार्बन डायऑक्साइड भरत नाहीत. पिंपात यीस्ट जिवंत असतं आणि बिअर पबात आल्यावरही थोडी आंबत राहते, त्यातून जो हलका गॅस तयार होतो तेवढाच. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून आपण सत्त्व करतो. इथे तोच सोपस्कार जवावर होतो, त्याला माल्ट म्हणतात. कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. फ्रिजमधल्या लागरची, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या थंडगार बिअरची, सवय असलेल्या जिभेला यातली गोडसर, भाजकी चव सापडायला चार-पाच घोट जावे लागतात. तेवढा वेळ तिला द्याच.

पिंप उघडलं की त्याची गत ताज्या ताकासारखी होते. पहिल्या दिवशी छान, तिसऱ्या दिवसापर्यंत ठीक, त्यानंतर आंबट. त्यामुळे कास्क एलमध्ये ब्रुअरीच्या नावाइतकंच महत्त्व पबात ती कशी सांभाळली आणि किती खपते याला आहे. एका पबात (तो या दोघांपैकी नव्हे) मला एकदा सरळ व्हिनेगरच्या वासाचा पाइंट (इथलं बिअरचं माप, अर्ध्या लिटरहून थोडं जास्त) मिळाला होता. मी संकोचून गप्प बसलो आणि अर्धा तसाच सोडून आलो. तसं करू नका. काउंटरवर जाऊन शांतपणे सांगा, बहुतेक ठिकाणी वाद न घालता बदलून देतात. घेण्याआधी घोटभर चाखायला मागितलं तरी कुणी वाईट मानत नाही.

शाकाहारी मंडळींना एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. कास्क एल नितळ व्हावी म्हणून तिच्यात आयसिंग्लास घालायची जुनी पद्धत आहे. आयसिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. तो तळाशी बसतो, ग्लासात नावालाच येतो, तरीही काहींना ते चालणार नाही. हल्ली बऱ्याच ब्रुअऱ्या तो न वापरता एल बनवतात, ती थोडी गढूळ दिसते. काउंटरवर "व्हीगन आहे का?" एवढं विचारलं की पुरतं.

टर्फ टॅव्हर्न

हर्टफर्ड कॉलेजचा तो प्रसिद्ध पूल, ज्याला सगळे ब्रिज ऑफ साईज म्हणतात, त्याच्या जवळूनच सेंट हेलेन्स पॅसेज नावाची बोळ आत शिरते. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. ही बोळ चुकली नाही असा पाहुणा मला अजून भेटलेला नाही. एकदा दुकानाची मागची बाजू समजून आम्ही सहा जण परत फिरलो होतो. वळण घेऊन पुढे गेलात की अचानक अंगण, बाकडी, माणसांचा कलकलाट आणि मागे शहराची जुनी तटबंदी. त्या भिंतीला टेकून पाइंट प्यायला मिळतो, ही टर्फची खरी श्रीमंती.

पुढच्या खोलीच्या तुळया सतराव्या शतकातल्या आहेत आणि चांगल्याच खाली आहेत. साताऱ्याहून आलेला माझा सहा फुटी मेव्हणा पूर्ण वेळ मान वाकवून उभा होता, तरी बाहेर पडताना म्हणाला, "वाड्यातल्या माजघरासारखं वाटलं." एवढी नेमकी उपमा मला चौदा वर्षांत सुचली नव्हती. माजघरासारखाच अंधार, लाकडाला तसाच मुरलेला वास, आणि बसायला तशीच अपुरी जागा.

इथल्या एका फलकावर बॉब हॉक यांचा किस्सा आहे. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला असताना त्यांनी यार्डभर, म्हणजे अडीच पाइंट किंवा जवळपास 1.4 लिटर, एल 11 सेकंदांत संपवली. पुढे 1983 ते 1991 ते ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान होते. हा प्रकार टर्फमध्ये झाला की त्यांच्या कॉलेजच्या भोजनगृहात, यावर दोन मतं आहेत. नव्या मुलांना हा फलक दाखवताना मला प्रत्येक वेळी काळजी वाटते, म्हणून स्पष्टच लिहितो: हे करून बघायची गोष्ट नाही. चार टक्क्यांच्या एका पाइंटमध्ये सुमारे 2.3 युनिट अल्कोहोल असतं आणि इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आठवड्याला 14 युनिटच्या आत राहा असा आहे.

आता एलचं. टर्फ हा ग्रीन किंगचा पब आहे. ही बरी सेंट एडमंड्सची 1799 सालची ब्रुअरी, 2019 मध्ये ती हाँगकाँगच्या सीके अॅसेटने विकत घेतली. त्यामुळे ग्रीन किंगची आयपीए (इंडिया पेल एल) आणि 5 टक्क्यांची अॅबट एल इथे दिसणारच. आयपीए नाव बघून हॉप्सचा जोरदार कडवटपणा अपेक्षित असेल तर निराश व्हाल. ती सौम्य, साधी बिटर, म्हणजे किंचित कडवट तांबूस एल आहे. माझी पसंती त्या दोन्हींना नाही. टर्फला जायचं ते पाहुण्या एलसाठी, म्हणजे दुसऱ्या ब्रुअऱ्यांची जी पिंपं आलटून पालटून लागतात त्यांच्यासाठी. आज काय आहे हे हँडपंपांवरच्या पट्ट्या वाचून कळतं. पट्टी उलटी फिरवलेली असेल तर ते पिंप संपलंय.

तो पंप ओढताना एकदा जवळून बघा. आपल्या गावच्या हापशासारखाच दांडा, फक्त इथे तो अंगाकडे ओढायचा. दोन-तीन लांब, संथ ओढी, मग शेवटची अर्धी. ग्लासात आधी सगळं दुधाळ दिसतं, मग तळापासून तांबूस रंग स्वच्छ होत वर येतो आणि फेसाचा बोटभर थर उरतो. मुलं मोबाइलवर बोलता बोलता थांबतात ते इथे.

टर्फबद्दलची तक्रारही खरी आहे. शनिवारी दुपारी तिथे पर्यटकांचे थवे असतात, काउंटरपाशी पोचायलाच वेळ जातो, आणि पाऊस आला की अंगणातली सगळी गर्दी आत शिरते. मुलं म्हणतात, "मस्त आहे, पण बोललेलं काही ऐकू आलं नाही." गुडघे दुखणाऱ्या माणसाला दगडी बोळातून नेऊन उभं ठेवणं मला पटत नाही.

किंग्ज आर्म्स

हॉलिवेल स्ट्रीट आणि पार्क्स रोडच्या कोपऱ्यावरची मोठी इमारत, चुकायची सोयच नाही. 1607 पासूनचं ठिकाण, राजा पहिला जेम्स याच्या नावावरून. मालकी वॅडम कॉलेजची, वरच्या मजल्यांवर त्याच कॉलेजचे विद्यार्थी राहतात. समोर वेस्टन लायब्ररी, पलीकडे बॉडलियन हे विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय. त्यामुळे इथला गिऱ्हाईक बहुतेक वेळा पाठीला पिशवी आणि डोक्यात प्रबंधाचं प्रकरण घेऊन आलेला असतो. मुलं याला नुसतं 'केए' म्हणतात.

आत पुढे मोठी खोली आणि मागे लाकडी तक्तपोशीच्या लहान लहान खोल्या. या मागच्या खोल्याच मला सगळ्यात आवडतात. दुपारी तीनला तिथे कुणी लॅपटॉप उघडून बसलेलं असतं, कुणी कॉफी घेतलेली असते, कुणाचं मार्गदर्शकाशी बोलणं चाललेलं असतं. इथली एक खोली 1973 पर्यंत फक्त पुरुषांसाठी होती. हे वाचलं तेव्हा मला नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आठवल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या 1889 मध्ये इथे आल्या आणि 1892 मध्ये बीसीएलच्या, म्हणजे कायद्याच्या पदवीच्या, परीक्षेला बसल्या. ऐंशी वर्षांनंतरही एका खोलीचं दार बंदच होतं. आज माझी भाची त्याच पबात मैत्रिणींबरोबर प्रबंधावर भांडते, याचा मला मनापासून आनंद आहे.

एलच्या बाबतीत केए साधा आहे. पब यंग्ज कंपनीचा, त्यामुळे यंग्जची ओरिजिनल (3.7 टक्के) आणि स्पेशल (4.5 टक्के) या नेहमीच्या. गंमत अशी की यंग्ज आता स्वतः बिअर बनवत नाही. लंडनच्या वाँड्सवर्थमधली त्यांची राम ब्रुअरी 2006 मध्ये बंद झाली आणि पुढे बिअरचं नावही दुसऱ्यांकडे गेलं. जुने लोक म्हणतात पूर्वीची चव राहिली नाही. मी पूर्वीची प्यायलेलो नाही, पण आजची ओरिजिनल मला पहिल्यांदा एल घेणाऱ्यासाठी योग्य वाटते: हलकी, कोरडी, किंचित कडवट, डोक्यात न जाणारी. आपल्याकडच्या सात-आठ टक्क्यांच्या 'स्ट्राँग' बिअरनंतर ती पाणचट वाटेल. दोन तास गप्पा मारत एकच पाइंट पुरवायचा तर अशीच लागते.

आईबाबा आले तेव्हा मी त्यांना इथेच आणलं. बाबांनी अर्धा पाइंट घेतला, आईने चहा. चहा ठीकठाकच होता, पण चहा मागितल्यावर कुणी वळून पाहिलं नाही, याचंच तिला अप्रूप वाटलं. खिडकीतून समोरच्या इमारतीवरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा हत्ती दिसत होता. ती जुनी इंडियन इन्स्टिट्यूट, मुंबईत जन्मलेल्या संस्कृत पंडित मोनियर विल्यम्स यांनी उभारलेली. 1883 मध्ये तिचा पाया घातला गेला आणि तिथल्या कोनशिलेवर संस्कृत मजकूर आहे. आईने शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवलं. त्या हत्तीवरून सुरू झालेलं बोलणं तासभर चाललं आणि बाबांचा अर्धा पाइंट तसाच राहिला. टर्फमध्ये हा तास मिळाला नसता.

केएची खोट सांगायची तर सत्राच्या पहिल्या आठवड्यात आणि परीक्षा संपतात त्या दिवसांत संध्याकाळी तिथेही उभं राहायला जागा नसते. टर्फला आहे तशी जादूही नाही. परत गेल्यावर फोटो टर्फचेच दाखवाल.

दोन्ही नको असतील तर

अल्फ्रेड स्ट्रीटवरचं द बेअर इवलंसं आहे. भिंतींवर काचेआड कापलेल्या टायांचे हजारो तुकडे आहेत, 1952 पासून जमवलेले. एकट्याने किंवा दोघांनी जावं. सेंट जाइल्समधलं लँब अँड फ्लॅग सेंट जॉन्स कॉलेजचं. ते 2021 च्या जानेवारीत बंद पडलं तेव्हा अनेकांना चुटपुट लागली होती. स्थानिकांच्या गटाने 2022 मध्ये ते पुन्हा सुरू केलं. शांत हवं असेल तर मी तिकडे वळतो.

जाण्याआधी

पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतीलच, अठरा पूर्ण असल्याचा पुरावा जवळ ठेवा. टेबलावर बसून वेटरची वाट पाहू नका, काउंटरवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. चौघं गेलात तर प्रत्येक वेळी एकाने सगळ्यांचं आणायचं, याला राऊंड म्हणतात. न पिणाऱ्याने सरबत घेऊन राऊंडमध्ये राहिलेलं चालतं. नळाचं पाणी फुकट मिळतं. पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर, पण हाफ मागण्यात काहीही कमीपणा नाही, उलट दोन वेगळ्या एल चाखायच्या तर तोच शहाणपणा. जेवण मागवताना 'स्टेक अँड एल पाय'मध्ये गोमांस असतं हे लक्षात ठेवा. पाइंटला साधारण साडेपाच ते सात पौंड धरून चला.

नव्याने आलेल्या मुलांना मी मंगळवारी किंवा बुधवारी पाचच्या सुमारास आधी टर्फला नेतो. गर्दी वाढायच्या आत अंगणातल्या भिंतीपाशी पाहुण्या एलचा एक हाफ, तोही सावकाश. मग बाथ प्लेसच्या बोळातून हॉलिवेल स्ट्रीटवर यायचं, डावीकडे वळायचं आणि केएच्या मागच्या खोलीत रिकामं टेबल आहे का बघायचं.