हेड गॅसकेट गेलंय म्हणाले आणि बत्तीस हजार घेतले

घोडबंदर रोडवर गाडी तापून उभी राहिली आणि गॅरेजवाल्याने रेडिएटरमधले बुडबुडे दाखवून "हेड गॅसकेट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) उडालं" म्हटलं, तर लगेच हो म्हणू नका. आमचे बत्तीस हजार याच बुडबुड्यांपायी गेले.

आई आणि मी वसईहून ठाण्याला येत होतो. गायमुखच्या चढावर ट्रकांच्या रांगेत काटा लालवर गेला. टोइंगवाल्याने एक गॅरेज सुचवलं. तिथल्या मिस्त्रीने तापलेल्या रेडिएटरवर ओला फडका टाकून झाकण फिरवलं. पाणी उसळलं, आत नुसती खळखळ. "बघा ताई, इंजिनाचा गॅस पाण्यात येतोय. हेड उतरवून फेसिंगला, म्हणजे लेथवर घासून सपाट करायला, पाठवावं लागेल." बिल मागितलं तर "जीएसटी वेगळा पडेल."

आता बुडबुड्यांचं ऐका. रेडिएटरचं झाकण आत साधारण १ बार दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो आणि तापलेलं कूलंट जागीच उकळायला लागतं. गॅसकेट ठणठणीत असलेल्या गाडीतही हेच दिसेल, वर हात-तोंड भाजेल ते वेगळंच. खरी तपासणी गाडी पूर्ण थंड असताना होते. झाकण काढून इंजिन सुरू करायचं. तेव्हा बुडबुडे थांबतच नसतील तर संशय घ्यायचा. निळ्या द्रावणाची टेस्टही असते, जळालेला वायू मिसळला की ते पिवळं पडतं. आमच्या गाडीवर यातलं काहीच झालं नाही.

पैसे देऊन परत घेतलेली गाडी शहरात नीट चालली, पण पुढच्या खेपेला त्याच चढावर पुन्हा तापली. या वेळी कळव्याच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी काही उघडण्याआधी रेडिएटरचे दोन्ही पाइप चाचपले. वरचा चटका देणारा, खालचा जेमतेम कोमट. पंप कूलंटला सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून हेडमध्ये ढकलतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, कूलंट आतल्या आत फिरतं. साधारण ८२ ते ९० अंशांना त्यातलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते, मग कूलंट वरच्या पाइपने रेडिएटरमध्ये जाऊन, निवून, खालच्या पाइपने पंपाकडे परततं. इंजिन तापूनही खालचा पाइप गार, म्हणजे वाट कुठेतरी अडलेली. काकांनी थर्मोस्टॅट काढून नव्यासोबत उकळत्या पाण्यात सोडला. नवा पूर्ण उघडला, आमच्या थर्मोस्टॅटला नखाएवढी फट पडली. नवा हजाराच्या आत आला.

मग त्यांनी टॉर्च मारून एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे, नट दाखवले. हेड उतरवून फेसिंगला पाठवायचं तर ते सोडवावे लागतात. आमच्या नटांवरचा गंज जसाच्या तसा, पान्याची एक खूण नाही. टाकीत कूलंटऐवजी साधं नळाचं पाणी! त्याने आतून गंज धरतो आणि उकळायचं तापमानही खाली येतं. म्हातारी आई बरोबर असताना अशा गाडीत आम्हाला पुन्हा घाटावर धाडलं, याची चीड पैशांपेक्षा मोठी आहे.

हेडचं काम सांगितलं तर उतरवलेल्या हेडचे फोटो, लेथवाल्याची पावती आणि जुनं गॅसकेट हातात मागा. बिल नसेल तर गाडी उघडू देऊ नका.

तो गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. पैसे पाठवल्याची नोंद आणि त्या नटांचे फोटो जपून ठेवलेत.