भिंत की पळण्याची तयारी?

त्सुनामीपासून वाचायला पैसा किनाऱ्यावरच्या भिंतीवर घालावा की पळण्याच्या सरावावर? 11 मार्च 2011 रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली, तेव्हा या दोन्ही उपायांची एकाच दिवशी परीक्षा झाली.

आधी भिंत. तारो गावाची भिंत 10 मीटर उंच होती आणि गावाला तिचा अभिमान होता. लाट तिच्यावरून आत आली. कामाइशी शहराच्या खाडीच्या तोंडाशी 63 मीटर खोलीतून उभारलेला लाटरोधक बांध 2009 मध्येच पूर्ण झाला होता. तो फुटला, पण फुटता फुटता त्याने पाण्याला काही मिनिटं अडवलं. फुदाई गावाचं मात्र वेगळं. 1896 ची त्सुनामी विसरायची नाही, असा तिथल्या सरपंचांचा हट्ट होता. खर्चावरून टीका झाली, तरी समुद्राचं पाणी अडवणारा 15.5 मीटर उंचीचा दरवाजा 1984 मध्ये उभा राहिलाच. त्यामागची घरं वाचली.

दुसरा उपाय इशारा आणि धाव. हवामान संस्थेने भूकंपानंतर तीन मिनिटांत इशारा दिला, पण ही गावं जिथे आहेत त्या इवाते किनाऱ्यासाठी लाटेचा पहिला अंदाज 3 मीटरचा होता. प्रत्यक्षात ती कितीतरी पटींनी मोठी निघाली. म्हणजे यंत्र इथेही चुकलं. कामाइशीची शाळकरी मुलं मात्र आकड्यावर थांबली नाहीत. मोठ्या मुलांनी लहानग्यांचे हात धरले आणि ठरलेली जागाही धोक्याची वाटताच सगळी आणखी वर पळाली. हे वाचताना माझा गळा दाटून येतो.

एकच निवडायचं झालं तर मी सरावाला पैसा देईन. भिंतीची उंची ठरलेली असते, मुलं आणखी वर चढू शकतात. पण अंथरुणाला खिळलेल्या आजीला डोंगर चढता येत नाही. तिच्यासाठी फुदाईसारखा दरवाजाच हवा.