पियानोचा कर्कश आवाज : हॅमर घासावेत की टोचावेत?

पियानोची पट्टी दाबली की तारेवर आपटणारा छोटा हातोडा म्हणजे हॅमर. वर्षानुवर्षे आपटून त्याच्यावरचा फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, आणखी दबतो, त्यावर तारांच्या खाचा पडतात आणि आवाज पत्र्यासारखा होतो. आधी ट्यूनिंग करून घ्या; निम्मी तक्रार तिथेच मिटते.

उरलेल्यासाठी दोन स्वस्त उपाय. पहिला, सँडपेपर. लाकडी पट्टीला कागद चिकटवून हॅमरच्या खांद्याकडून (टोकाच्या दोन्ही बाजूंच्या उतारावरून) टोकाकडे घासायचे, खाचा जवळजवळ जाईपर्यंत. अंड्यासारखा मूळ आकार परत आला की हॅमर तारेला कमी जागेत स्पर्श करतो आणि सूर मोकळा होतो. पण गेलेला फेल्ट परत येत नाही, आणि एका सुराच्या तिन्ही तारांना एकाच वेळी न लागणारा तिरका हॅमर नव्याच कटकटी उभ्या करतो. वरच्या सप्तकात फेल्ट मुळातच पातळ, तिथे हात फारच हलका हवा.

दुसरा, सुया. हँडलमध्ये बसवलेल्या दोन-तीन सुया खांद्यांमध्ये खोल टोचल्या की घट्ट फेल्ट सैलावतो, आवाजाला गोलाई येते. नेमक्या टोकावर टोचल्यास फरक लगेच ऐकू येतो, म्हणूनच मोह होतो. पण तिथे अति झाले तर सूर मेल्यासारखा वाटतो. दोन-चार टोचे, मग वाजवून ऐकणे, हाच क्रम.

माझे मत: खोल खाचा असतील तर आधी घासा, मगच सुई. खाचा नसून आवाज नुसताच बोचरा असेल, तर कागदाला हातही लावू नका. ८८ हॅमर आहेत. पहिला प्रयोग कडेच्या, क्वचित वाजणाऱ्या पट्टीच्या हॅमरवर.