बादलीतले मीटर ०.४ दाखवत होते: ‘धुतलेल्या’ कोकोपीटच्या खरेदीतील माझी फसवणूक

जुन्नर तालुक्यातील आमच्या २० गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये रंगीत ढोबळी मिरचीच्या तिसऱ्या पिकाला सूत्रकृमींनी ग्रासले आणि मातीच्या निर्जंतुकीकरणावर दोनदा खर्च करूनही मुळांवरच्या गाठी हटल्या नाहीत, म्हणून निम्म्या क्षेत्रावर माती सोडून कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशावर, जाण्याचे मी ठरवले. तो निर्णय चुकीचा होता, असे मला आजही वाटत नाही. फसवणूक झाली ती मालात.

विक्रेता पुण्यातील एका कृषी प्रदर्शनात भेटला होता. माल तमिळनाडूतील पोल्लाची भागातला असून धुतलेला व बफर केलेला, म्हणजे कॅल्शियमची प्रक्रिया केलेला, आहे, असे त्याने सांगितले आणि न धुतलेल्या मालाचा भाव किलोला १७ रुपये असताना याचा २७ रुपये लावला. पाच किलोचे ४०० ब्लॉक, म्हणजे २ टन माल ठरला आणि मी ८० टक्के रक्कम आगाऊ दिली. सौदा ठरण्यापूर्वी त्याने आमच्या ओट्यावर प्रात्यक्षिकही दाखवले होते. अर्ध्या बादली बाटलीबंद पाण्यात त्याने दोन मुठी भिजवलेले कोकोपीट टाकले, ढवळले, क्षार मोजणारे मीटर बुडवले आणि ‘०.४’ हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर धरला. एवढ्या पाण्यात दोन मुठी म्हणजे घागरभर पाण्यात चिमूटभर मीठ, हे मला तेव्हा सुचले नाही. कोकोपीटचा ईसी, म्हणजे क्षारांचे प्रमाण दाखवणारा आकडा (जितका मोठा तितके क्षार जास्त), मोजण्याच्या रूढ पद्धतीत दोन भाग ओलसर कोकोपीटला तीन भाग डिस्टिल्ड पाणी, म्हणजे १:१.५ हे प्रमाण घेतात, आणि पाणी वाढवत नेले की कोणताही खारा माल गोड दिसू लागतो. त्या माणसाला हे ठाऊक नसावे, असे मानायला मी तयार नाही.

माल उतरल्यावर पहिला ब्लॉक ड्रममध्ये भिजवला. ७५ लिटर फुगेल असे सांगितले होते, तो जेमतेम ६० लिटर झाला आणि ड्रमच्या तळाशी बोटभर बारीक वाळू बसली. वरच्या चहासारख्या पाण्यात बोट बुडवून नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जिभेला लावले आणि “पाणी मचूळ लागतंय रे” एवढेच म्हटले. मी मात्र मीटरवर विश्वास ठेवून पिशव्या भरून घेतल्या.

लागवडीनंतर दहाव्या दिवशी रोपांच्या पानांच्या कडा करपू लागल्या आणि पांढरी मुळे टोकाला तपकिरी झाली. विक्रेत्याने फोनवर बुरशीचे निदान केले आणि ड्रेंचिंगसाठी, म्हणजे मुळांशी ओतण्यासाठी, औषधही स्वतःच पाठवून दिले; त्याचे बिल मात्र वेगळे लावले. खत १.८ ईसीचे जात असताना पिशवीतून निचरा होणारे पाणी ३.९ दाखवत होते, तेव्हा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी १:१.५ पद्धतीने मोजले, तेव्हा २.६ डेसिसायमन प्रति मीटर आले. नारळाच्या सोडणात पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड मुळातच असतात आणि सोडणे खाऱ्या पाण्यात मुरवलेली असतील, तर त्यात भर पडते. माल धुतलेला असता, तर हा आकडा साधारण ०.५ च्या आसपास राहिला असता.

पुढची चूक माझी. रोपे उपटून मी पिशव्या साध्या पाण्याने धूत राहिलो आणि ईसी ०.५ वर आल्यावर पुन्हा लागवड केली. झाडे वाढली, पण पहिल्याच फळांच्या टोकांना काळे, चामड्यासारखे चट्टे पडले. साध्या पाण्याने मोकळे क्षार वाहून जातात. कोकोपीटच्या कणांना चिकटलेले सोडियम आणि पोटॅशियम तिथेच राहतात, आणि आपण कॅल्शियम दिले की कण ते स्वतःकडे ओढून घेतात व बदल्यात हे दोन सोडतात, त्यामुळे झाड कॅल्शियमवाचून उपाशी राहते. म्हणूनच कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात माल २४ तास भिजवून नंतर धुतात. त्यालाच बफर करणे म्हणतात. ते झाले आहे की नाही, हे ईसी मीटर सांगू शकत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतून सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम तपासून घ्यावे लागते.

भरपाई मागितली, तेव्हा विक्रेत्याने माझ्या बोअरच्या पाण्याला दोष दिला. पाण्याचा अहवाल माझ्याकडे होता, पण वकिलांचा पहिला प्रश्न वेगळाच निघाला: बिलावर काय लिहिले आहे? बिलावर ‘कोकोपीट ब्लॉक, ४०० नग’ एवढेच होते. ‘धुतलेले’ आणि ‘बफर केलेले’ हे शब्द केवळ त्याच्या रंगीत पत्रकावर होते, सोबतच्या तपासणी अहवालातील लॉट क्रमांक ब्लॉकच्या वेष्टनावरील क्रमांकाशी जुळत नव्हता आणि सीलबंद नमुना म्हणून दाखवायला माझ्याकडे न फोडलेला एकही ब्लॉक उरला नव्हता. प्रकरण तिथेच थांबले.

आता टेम्पो आला की वेगवेगळ्या थरांतून पाच ब्लॉक काढून भिजवतो आणि स्वतःच्या मीटरने मोजल्याशिवाय हमालांना हात लावू देत नाही; आणखी दोन ब्लॉक साक्षीदारांच्या सह्या घेऊन बंद करून ठेवतो. चालक कुरकुर करतात, एकदा थांबण्याचे पाचशे रुपये जास्तीचेही द्यावे लागले. नव्या पुरवठादाराकडून बिलावर ‘धुतलेले व बफर केलेले, ईसी ०.६ पेक्षा कमी, १:१.५ पद्धतीने’ एवढे लिहून घेतो आणि शेवटचे ४० टक्के प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्यावरच देतो. ड्रममधले पाणी नाना अजूनही आधी चाखून पाहतात.