ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल 25: काइल मॅकॉर्डला नावं ठेवण्याआधी हा गेम खेळा

70 डॉलर टाकून हा व्हिडिओ गेम घ्यावा का, असं इथे ओहायोतल्या कोलंबसमध्ये ओळखीच्या दोघीतिघींनी विचारलं. घरात कॉलेज फुटबॉलचं, म्हणजे कॉलेजांच्या संघांमधल्या अमेरिकन फुटबॉलचं, वेड असेल तर जरूर घ्या. आणि दर शनिवारी टीव्हीसमोर बसून क्वार्टरबॅकचा (बॉल फेकून संघाचा हल्ला चालवणाऱ्या खेळाडूचा) उद्धार करणारं एखादं मोठं माणूस घरात असेल, तर कंट्रोलर आधी त्याच्या हातात द्या.

माझं एम.एस. ओहायो स्टेट विद्यापीठाचं. पुढे नोकरी, संसार सगळं याच गावात झालं, त्यामुळे बकआईज (ओहायो स्टेटचा संघ) हरले की आमच्याही घरात कुणी धड जेवत नाही. मुलाने गेम सुरू केला आणि पहिला सिरॅक्यूझचा संघ उघडला, कारण 2023 मध्ये आमचा क्वार्टरबॅक असलेला काइल मॅकॉर्ड आता तिथे होता. शेजारी बसलेला त्याचा मित्र म्हणाला, "हा? याने तर मिशिगनला सामना देऊन टाकला." कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनविरुद्धच्या 2023 च्या पराभवाबद्दलचं हे वाक्य मी या गावात किराणा दुकानापासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत ऐकलंय. मला ते मुळीच मान्य नाही, आणि का नाही ते या गेमच्या निमित्ताने सांगता येतं.

या गेमची खरी करामत म्हणजे परक्या मैदानाचा दबाव. मिशिगनच्या स्टेडियमची आसनक्षमता 1,07,601. तिथे पाहुणा संघ म्हणून खेळून बघा. मोक्याचा डाउन (10 यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक) आला की आवाज चढत जातो, पडदा थरथरायला लागतो, आणि कोणत्या खेळाडूने कुठे धावायचं हे दाखवणाऱ्या सरळ रेषा वळवळू लागतात. डाव वाचायचा असतो, पण डोळ्यांना तो नीट दिसतच नाही. खेळाडूंच्या मनोधैर्याचाही हिशेब गेम ठेवतो; दोनतीन खेळ्या फसल्या की चांगला खेळाडूही गारठतो. बॉल हातात आल्यावर जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात कोण मोकळा आहे ते बघायचं, किती जोर लावायचा ते ठरवायचं, आणि समोरून धावत येणारा आडदांड गडी अंगावर घ्यायचा. सोफ्यावर बसूनसुद्धा माझे तळहात घामाने ओले होतात.

आता 25 नोव्हेंबर 2023 आठवा. याच मैदानावर ओहायो स्टेट 30-24 ने मागे, घड्याळात मिनिटभर उरलेलं. मॅकॉर्डने संघाला पार मिशिगनच्या हद्दीत आणलं. शेवटची 25 सेकंदं राहिली असताना त्याने सहकारी मार्विन हॅरिसन ज्युनियरसाठी बॉल सोडला, तेवढ्यात मिशिगनचा जेलन हॅरेल येऊन मॅकॉर्डला भिडला. फेकायला हात पुरता फिरलाच नाही. बॉल आखूड पडला आणि मिशिगनच्याच रॉड मूरने झेलला. गावाच्या लक्षात राहिला तो एवढा एकच क्षण. पहिल्या क्वार्टरमधलं इंटरसेप्शन (त्याने फेकलेला बॉल विरोधकाने झेलणं) मात्र चुकीचंच होतं, ते मी झाकणार नाही. पण त्या दिवशी त्याने 271 यार्डांचे पास आणि 2 टचडाउनही (बॉल गोलरेषेपार नेऊन मिळणारे गुण) दिले होते. मिशिगनचा धावता खेळ आपल्या बचावाला रोखता आला नाही, त्याची चर्चा किती झाली?

त्या मोसमात 11 विजय, 24 टचडाउन आणि फक्त 6 इंटरसेप्शन. सप्टेंबरमध्ये नोत्र दामच्या मैदानावर आपण 14-10 ने मागे होतो, 1 मिनिट 26 सेकंद बाकी. तिसऱ्या डाउनला 19 यार्ड हवे असताना त्याने एमेका एगबुकाला बॉल दिला, थेट गोलरेषेच्या तोंडाशी, आणि एक सेकंद उरला असताना आपण जिंकलो. त्या रात्री हाय स्ट्रीटवर नाचणारे लोक तेच, दोन महिन्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडणारेही तेच. मिशिगनकडून 2021 आणि 2022 मध्ये त्याच्याआधीचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडही हरला होता. मग सगळं खापर 21 वर्षांच्या एकाच पोरावर का फोडायचं? "आता कॉलेजच्या खेळाडूंना पैसे मिळतात, मग ऐकून घ्यायला नको?" असं म्हणणारे भेटतात. पैसे मिळतात म्हणून मैदानावरच्या खेळाचा हिशेब जरूर मागा. त्याच्या लायकीवर, त्याच्या घरच्यांवर घसरायचा हक्क कुठल्याही तिकिटाबरोबर येत नाही.

डिसेंबरात त्याने ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव घातलं आणि तो सिरॅक्यूझला गेला. तो गेल्यावर कॉटन बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात मिझूरीविरुद्ध आपले एकूण गुण किती? तीन. तिकडे 2024 मध्ये पिट्सबर्गविरुद्ध त्याची पाच इंटरसेप्शन्स झाली. दुसरा कुणी खचला असता. याने पुढच्याच सामन्यात व्हर्जिनिया टेकला ओव्हरटाइममध्ये हरवलं. मोसमाअखेर 4,779 यार्ड, देशात सर्वाधिक. सिरॅक्यूझ ज्या एसीसी गटात खेळतं, त्यातला डेशॉन वॉटसनचा एका मोसमातल्या यार्डांचा विक्रमही मोडला. 30 नोव्हेंबरला सिरॅक्यूझने 21-0 च्या पिछाडीवरून मायामीला 42-38 ने हरवलं. त्याच दुपारी ओहायो स्टेट स्वतःच्या मैदानावर मिशिगनकडून 13-10 ने हरलं होतं, आणि आता नवा क्वार्टरबॅक विल हॉवर्डला शिव्या पडत होत्या. जानेवारीत त्याच हॉवर्डने राष्ट्रीय विजेतेपद आणून दिलं.

बाकी गेमबद्दल थोडक्यात. कॉलेज फुटबॉलचा याआधीचा गेम 2013 मध्ये आला होता. खेळाडूंना एक पैसाही न देता त्यांची छबी वापरली म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि मालिका थांबली. या वेळी होकार देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला 600 डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली, म्हणून मला तो विकत घेताना बरं वाटलं. 134 संघ आहेत. डायनॅस्टी या खेळप्रकारात तुम्ही प्रशिक्षक होऊन भरती करता, पोर्टल सांभाळता. माझा मुलगा त्यातच रमतो. शरीराच्या कुठल्या भागाला किती मार बसला तेही मोजलं जातं, आणि सारखा आपटलेला क्वार्टरबॅक शेवटच्या क्वार्टरमध्ये आधीसारखा फेकू शकत नाही, हे मुलांना कळलेलं चांगलं. खरे प्रशिक्षक मात्र यात नाहीत. प्लेस्टेशन 5 किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस लागतो, कॉम्प्युटरवर चालत नाही.

2025 मध्ये 26 क्रमांकाचा गेम आला, त्यात खरे प्रशिक्षक आहेत. नवीन घेणार असाल तर तोच घ्या. पण मॅकॉर्ड त्यात मिळणार नाही, कारण व्यावसायिक लीग एनएफएलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला खेळाडू निवडीच्या सहाव्या फेरीत घेतलं आणि त्याचं कॉलेज संपलं. त्याच्याकडून खेळायचं असेल तर 25 चीच डिस्क शोधा, सिरॅक्यूझ निवडा आणि पहिला सामना मिशिगनच्या मैदानावर लावा.